रुक्मिणीताई माझ्यावर बसल्या तो दिवस

मित्रांनो, मी सोलापुरातल्या एका बालवाडीची जुनी सतरंजी. इथल्याच एका हातमागावर विणली गेले. मागावरून उतरले तेव्हा विणकराने हात फिरवून म्हटलं होतं, "लई घट्ट वीण हाय." पुढे वीस वर्षं मुलं माझ्यावर बसली, लोळली, खिचडी सांडून गेली.

दोन वर्षांपूर्वी मंगळवेढ्याहून रुक्मिणीताई शिकवायला आल्या. मनाने चांगल्या, पण सतत घाईत. त्या खुर्चीवरूनच शिकवायच्या. वर्गात अनुषा नावाची चार वर्षांची मुलगी होती. तिच्या घरी तेलुगू बोलत. ती रोज खुर्चीपाशी जाऊन हळूच "उच्चा, उच्चा" म्हणायची. ताईंना वाटे, उंच फळीवरचं खेळणं मागतेय. "नंतर देते, बस," त्या म्हणत. थोड्याच वेळात मी ओली होई.

एकदा ताई सगळ्यांदेखत रागावल्या. "तोंडानं सांगता येत नाही का?" मुलं हसली. दुसऱ्या दिवसापासून अनुषा आलीच नाही.

त्याच आठवड्यात ताईंचं प्रशिक्षण झालं. मुलं गेल्यावर रोज पाच मिनिटं बसा, आज आपण काय केलं, का केलं ते स्वतःला विचारा, असं तिथं सांगितलं होतं. ताईंना ते वाढीव काम वाटलं. तरी एका दुपारी त्या माझ्यावर येऊन बसल्या. मदतनीस मायाक्का भांडी पुसत होत्या.

"मायाक्का, अनुषा रोज उच्चा उच्चा का म्हणायची हो?"

मायाक्कांचा हात थांबला. "तेलुगूत लेकरं शूला तसं म्हणत्यात की, ताई. मी चुलीपाशी, मला ऐकूच आलं न्हाय."

"म्हणजे ती सांगत होती," ताई म्हणाल्या.

संध्याकाळी त्या अनुषाच्या घरी गेल्या. आई विड्या वळत होती. ताई तिच्याशेजारी जमिनीवर बसल्या आणि मुलीला म्हणाल्या, "माझं चुकलं, बाळा." अनुषा पदराआडून बाहेर आली नाही. ती परतली तिसऱ्या दिवशी, आईचं बोट धरून. हे सगळं ताईंनीच नंतर मायाक्कांना सांगितलं, माझ्यावर बसून.

आता नवीन मूल आलं की तहान, भूक, शू यांना घरी काय म्हणतात, ते ताई आधी विचारून घेतात. दुपारची पाच मिनिटं कधी चुकत नाहीत.

माझे धागे सुटलेत. मला अधूनमधून ऊन दाखवा, एवढंच मागणं. आणि मित्रांनो, कधी तुमच्या ताई "माझं चुकलं" म्हणाल्या, तर हसू नका. मोठ्या माणसांना ते म्हणायला फार बळ लागतं.