नवे आवाज

बाबांचा घास तोंडापर्यंत येऊन थांबला.

थोडं मागे नेते.

बाबा चष्म्याच्या दुकानात काचा घासायचे. आता ते स्वतःच्याच घरात वाट चुकतात आणि जेवतात फक्त टीव्हीसमोर. रीतसर वर्गणी भरून घेतलेली, मराठीत डब केलेली जुनी विनोदी मालिका: टकलू वडील, त्यांची बायको, तीन पोरं, एक आगाऊ शेजारी. प्रत्येक भागात सगळे टेबलाशी बसतात. ते जेवायला लागले की बाबा जेवतात. नाहीतर ओठ घट्ट. डॉक्टरीणबाई म्हणाल्यात, वजन असंच उतरत राहिलं तर नाकातून नळी.

आता पुढे.

त्या दुपारी मालिका लावली आणि सगळी मंडळी परक्या आवाजात बोलायला लागली. कंपनीने नवं डबिंग केलं होतं.

"हे कोण?"

"तेच आहेत, बाबा. बघा की, तोच आपला टकलू."

"तोंडं त्यांची आहेत गं. माणसं दुसरी."

तरी मी घास पुढे केला, त्यांनी तो हातात घेतला. पडद्यावर टकलूने टोपी चढवली, दार उघडलं. "जातो."

[हशा]

इथे घास थांबला.

"जातो? घरातून निघताना असं बोलतात? येतो म्हणावं, येतो!"

मी घाईघाईने पुढचा भाग लावला. टकलू टेबलाशी हजर.

"हा दारातून कधी आला?" बाबांनी ताट सरकवलं.

दोन दिवस नुसतं पाणी, चमचाभर दूध.

दादा आला. जुने आवाज त्याने सगळीकडे शोधले. चोरून फिरणाऱ्या प्रतींतसुद्धा नवेच होते. मग त्याने टोपी घातली, टेबलाशी बसला आणि घसा खरवडून ओरडला, "आलो बरं का! वाढा!"

बाबा सावरून बसले. "तुम्ही जेवून घ्या. आमची माणसं यायचीत अजून."

[ ]

इथे हशाचा कंस मोकळाच ठेवते.

"टीव्हीच्या भरवशावर टाकलंस त्यांना," दादा स्वयंपाकघरात म्हणाला.

"तू होतास वाटतं भरवायला?"

"भांडू नकोस."

"सुरुवात कोणी केली?"

त्याने ताट वाढायला घेतलं. मी बाहेर आले, टीव्हीचा आवाज बंद केला आणि मागे, वायरींच्या गुंत्यात जाऊन बसले. संवाद पाठ होतेच. टकलू घोगरा, धाकटी नाकात बोलणारी, बायको जरा दमलेली. जुन्या डबिंगसारखं सगळ्यांचं बोलू लागले. दादाने चमचा पुढे केला. बाबांनी तोंड उघडलं.

मला राहवेना. डोकं बाहेर काढलं. "बाबा, चव आहे ना?"

तोंड मिटलं. "बाई, आम्ही जेवतोय."

परत मागे.

तेव्हापासून हे रोजचंच. दादा भरवतो, मी मागून बोलते. वजन उतरायचं थांबलंय. नळीचं नाव निघत नाही. दोघांचीही नोकरी कशी चाललीये ते आम्ही एकमेकांना विचारत नाही.

काल बाबा मध्येच त्या टकलूच्या बायकोला म्हणाले, "वहिनी, आमची मुलगी दिसत नाही हो बरेच दिवस."

टीव्हीची पाठ तापली होती. माझा गाल तिला टेकलेला.

"तिचं जेवण झालंय," मी वहिनींच्या आवाजात म्हटलं. "तुम्ही जेवा."

चमचा ताटाला लागल्याचा आवाज आला.