मला वॉकीटॉकीचा हेवा वाटायचा

मित्रांनो, मी एक जुना व्हेरिओ आहे. हे नाव तुम्ही ऐकलं नसेल. मी साबणाच्या वडीएवढा असतो. पॅराग्लायडरनं, म्हणजे कापडी पंखाला लटकून इंजिनाशिवाय, उडणाऱ्यांच्या खांद्याच्या पट्ट्यावर माझी जागा. वर जावं तसा हवेचा दाब कमी होतो. तो फरक मी मोजतो. मला टेबलावरून उचलून डोक्यावर धरलंत, तरी मला कळतं. वर चाललो की मी पीप-पीप करतो, खाली चाललो की जाड आवाजात कण्हतो. एवढीच माझी भाषा.

कारखान्यात मला एका बंद पेटीत ठेवून तिच्यातली हवा हळूहळू काढली होती. मी बरोबर ओरडलो, म्हणून पास झालो. मग दिल्लीत केंद्र सरकारच्या नोकरीत असलेल्या सूर्यकांतांनी मला घेतलं. दर ऑक्टोबरला रजा काढून ते हिमाचलात बीरला उडायला यायचे. "हा माझा तिसरा कान," असं सगळ्यांना सांगायचे. पुढे त्यांचा गुडघा गेला आणि मी नोएडाच्या फ्लॅटमध्ये, जुन्या चार्जरांच्या खणात चार वर्षं पडून राहिलो.

गेल्या ऑक्टोबरात त्यांच्या मुलीनं, रुचिरानं, मला बाहेर काढलं आणि बीरला नेऊन आपल्या खांद्यावर लावलं. पण तिच्या दुसऱ्या खांद्यावर नवी वॉकीटॉकी होती. तिच्यातून बाबा बोलायचे, चक्क मराठीत! रुचिरा तिला उत्तरं द्यायची, हसायची. बाबांचं नीट ऐकू यावं म्हणून तिनं माझा आवाज अगदी बारीक केला. मी हेव्यानं जळफळलो. एकदा तरी हिची फजिती व्हावी, असं मला वाटायचं.

त्या दिवशी रुचिराची पहिलीच लांबची फेरी होती. बीरवरच्या डोंगरावरून निघून पालमपूरपर्यंत जायचं आणि परत बीरच्या मैदानात उतरायचं. बाबा दुर्बीण घेऊन खालच्या रस्त्यानं टॅक्सीतून मागे होते.

जाणं सुरेख झालं. परतताना उंची कमी पडू लागली. बीर अजून सात किलोमीटर होतं. तेवढ्यात बाबांना डावीकडच्या कड्यावर घारी गोल फिरताना दिसल्या. घारी पंख न हलवता वर चढतात, तिथे तापलेली हवा वर जात असते. तिथे गेलं की आपल्यालाही उंची मिळते.

"रुचिरा, घारीकडे वळ! घारीकडे!"

खरखरीतून तिला ऐकू आलं 'घराकडे'. बीरमधल्या मुक्कामाच्या खोलीला ती दोन दिवस घरच म्हणत होती. आणि घार हा शब्द तिला ठाऊकच नव्हता.

"अच्छा बाबा, चलो!"

तिनं डोंगर सोडला आणि दरीवरून सरळ बीरची दिशा धरली. मी कण्हू लागलो. सेकंदाला दोन मीटर खाली, मग अडीच. वाऱ्यात माझा आवाज तिला ऐकूच जाईना. खरं सांगतो, पहिलं अर्धं मिनिट मला आनंद झाला. वॉकीटॉकी चुकली! मग दाब भराभर वाढू लागला आणि मला उमगलं, की एका खांद्यावर ती, एका खांद्यावर मी, आणि मधे रुचिरा आहे. "बोल गं, काहीतरी बोल," असं मीच वॉकीटॉकीला विनवू लागलो. पण टॅक्सी टेकडीआड गेली होती. वॉकीटॉकी नुसती खरखरत राहिली.

बीरच्या तीन किलोमीटर अलीकडे, भात कापलेल्या शेतात आम्ही उतरलो. रुचिराला खरचटलंही नाही, पण डोळे भरले होते. थोड्या वेळानं बाबा लंगडत आले.

"अगं, घारीकडे म्हणालो होतो मी!"

"घारी म्हणजे?"

"चील गं, चील!"

"मग चील म्हणायचं ना, बाबा! मला वाटलं, घरी बोलावताय. गेली ना माझी फेरी, यार!"

बाबा बांधावर बसले. "सव्वीस वर्षांची झालीस आणि घार माहीत नाही." मग हळूच म्हणाले, "कशी असणार? क्वार्टरच्या गच्चीवर मीच तुला 'वो देख, चील' म्हणून दाखवायचो."

रुचिरानं नाक पुसलं आणि माझा आवाज वाढवला. "हा तरी बिचारा मराठीत बोलत नाही."

ही स्तुती होती की टोमणा, मला अजून कळलेलं नाही.

मित्रांनो, हेवा अजून पुरता गेलेला नाही. पण एक विनंती आहे. जुनी यंत्रं खणात टाकताना बॅटऱ्या काढून ठेवा, आणि वापरायला काढलीत तर त्यांचा आवाज दाबू नका. आणि कुणी काही सांगितलं की नुसतं 'अच्छा' म्हणू नका. ऐकलेला शब्द परत म्हणून दाखवा. रुचिरानं एकदाच 'घराकडे?' असं विचारलं असतं, तर त्या दुपारी आम्ही तिघं घारींच्याही वर असतो.