मधला तुकडा

फोटोग्राफरने गुडघे टेकून खुर्चीच्या चारही पायांभोवती फरशीवर चिकटपट्टी लावली आणि उठताना, सवयीप्रमाणे, आता खुर्चीला कुणी हात लावायचा नाही असं सगळ्यांना बजावलं. सगळे म्हणजे खुर्चीवर बसलेली त्याची बायको आणि दारात उभी असलेली मेहुणी. बायकोच्या मांडीवर मटारच्या शेंगांचं भांडं होतं. तिने नुसत्या शेंगा सोलायच्या होत्या आणि सोलता सोलता नाहीसं व्हायचं होतं.

जगाच्या शेवटच्या दिवसांवरचे सिनेमे तो चर्चच्या मंडळीसाठी कैक वर्षं करत आला होता. एरवी दुकानात पासपोर्टचे फोटो काढायचे आणि सुट्टीच्या दिवशी जगाचा अंत करायचा, असं पाळक त्याला चिडवत. पैशांच्या नावाने आनंदच होता. त्यामुळे आकाश फाटणं, समुद्राचं रक्त होणं हे सगळं नुसत्या आवाजावर भागवावं लागे. पण प्रभू आपल्या माणसांना उचलून नेतो तो प्रसंग त्याच्या हातचा मळ होता. कॅमेरा जागचा हलवायचा नाही. माणसाने उठून जायचं, कॅमेरा बंद. त्याच जागी त्याचे कपडे मांडायचे, कॅमेरा सुरू. मधला तुकडा कापून टाकला की माणूस डोळ्यांदेखत गायब. बेकरीवाला असा गेला, शाळेच्या बाई गेल्या, खुद्द पाळक दोनदा गेले. दर वेळी सभागृहभर श्वास रोखले जात आणि हा पाठीमागे उभा राहून खूश होई.

कपडे मांडणं बायकोकडे होतं. बटणं लावलेलीच हवीत, कारण वर जाणारा माणूस बटणं काढत बसत नाही, असं ती म्हणे. एकदा एका पोराने भर सभागृहात पाळकांचे मोजे कुठे गेले म्हणून विचारलं, तेव्हापासून ती बुटांत आठवणीने मोजे खोचू लागली. इतक्यांना वर पाठवलं, पण स्वतः ती कधी गेली नव्हती. या वेळी तिने आपणहून भूमिका मागून घेतली, आणि त्यालाही बरं वाटलं.

त्याने "ऊठ" म्हटलं आणि ती उठलीच नाही. मान एका बाजूला गेली, भांडं कलंडलं, मटार कपाटाखालपर्यंत घरंगळत गेले. मेहुणीने किंकाळी फोडली. सिनेमात तिला तशी किंकाळी कधीच जमली नव्हती.

दुखणं पोटात होतं आणि फार पुढे गेलेलं होतं. डॉक्टरांनी त्याला बाहेर बोलावून, घरी न्या, त्रास होणार नाही एवढं बघा, असं सांगितलं. त्याने तेच शब्द फिरवून पुन्हा विचारलं. उत्तर तेच आलं.

ती घरी आली तेव्हा ट्रायपॉड तसाच उभा होता, फरशीवर पट्ट्या तशाच. तो ते काढेना आणि पुरंही करेना. कधी उजेड कमी म्हणायचा, कधी बॅटरीचं निमित्त. मेहुणी ठेच लागली की पुटपुटायची. खरं म्हणजे त्याला भीती वाटत होती. तिची रिकामी खुर्ची टिपायची आणि मग ती आतून परत हाक मारेल याची खात्री धरायची, हे त्याच्याने होईना. प्रार्थना करायला बसला की गोळ्यांच्या वेळाच आठवत.

एका सकाळी तिनेच विषय काढला.

"अहो, आज उजेड चांगला आहे."

"तुला बसवणार नाही."

"बसवेल. माझे कपडे मलाच मांडायचेत. बहिणीला सांगितलं तर ती बटणं उघडी ठेवते."

मेहुणीने शेंगा आणून दिल्या.

ती बसली, सोलू लागली. त्याने खूण केली. तिने भांडं खाली ठेवलं, खुर्चीचा हात धरला आणि निम्मी उठून तशीच थांबली. तो पुढे सरसावला, तर तिने बोट हलवून त्याला दटावलं. आणखी एक पाऊल टाकलं असतं तर तो कॅमेऱ्यासमोर आला असता. मग ती भिंतीच्या आधाराने एकेक पाऊल टाकत आतल्या खोलीत गेली, आणि तो जागच्या जागी उभा राहून बघत राहिला. बोट बटणावर होतं. ते काही केल्या दाबलं जाईना.

कपडे बदलायला तिला बराच वेळ लागला.

"बंद केलात ना?" तिने आतूनच विचारलं.

"केला."

ती गाऊन घालून आली. ड्रेस खुर्चीवर बसवला, सगळी बटणं लावली, बाह्या मांडीवर आणल्या, चष्मा काढून वर ठेवला. खाली चपला जोडून ठेवल्या. खांद्यावरची एक सुरकुती हाताने सारखी केली आणि जरा मागे होऊन बघितलं.

"छान झालं. आता करा सुरू."

ती गेली ती भर दुपारी, पलंगावर. कपडे राहिले आणि कपड्यांत तीही राहिली. तिला उचलायला माणसं बोलवावी लागली.

पुढे पाळकांनी चाचरतच सिनेमाचं विचारलं. घाई नाही, पण मुलं वाट बघतात. तो दुकान बंद करून कॉम्प्युटरपुढे बसला. कुठून कुठवर कापायचं ते त्याला झोपेतही सांगता आलं असतं. त्याने तो तुकडा पुन्हा पुन्हा बघितला.

सभागृह भरलं होतं. पडद्यावर ती मटार सोलत होती आणि लोक श्वास रोखून होते. ती गायब झाली नाही. तिने भांडं खाली ठेवलं, अर्धवट उठून थांबली, बोट हलवलं, भिंत धरून चालत गेली. हा कापायला विसरला असं वाटून पाळक प्रोजेक्टरकडे जायला उठले. मेहुणीने त्यांची बाही धरून त्यांना खाली बसवलं.

पडद्यावर नुसती खुर्ची होती. ती तशीच राहिली. पुढच्या रांगेतल्या एका पोराने विचारलं, "गेली का?" त्याच्या आईने त्याला जवळ ओढलं.

पाठीमागे उभ्या असलेल्या फोटोग्राफरने मान खाली घातली.

"बंद केलात ना?" तिचा आवाज आला.

"केला," त्याच्याच आवाजाने सगळ्यांदेखत सांगितलं, आणि ती, त्यावर विश्वास ठेवून, हातावर कपडे घेऊन परत आली.