नवे हँडल

दुपारचे जेवण आटोपले की गंगाधररावांची पावले तात्यापाऱ्यातल्या घरातून समता कॉलनीकडे वळत. कोणी विचारले तर लेकीला भेटायला. खरे म्हणजे आपल्या मोटरसायकलीचे हाल पाहायला. नोकरीची सारी वर्षे त्यांनी या गाडीवर काढली होती. गंधालीच्या लग्नात त्यांनीच तिची किल्ली लेकीच्या हातावर ठेवली. देताना मन मोठे होते. आता ते रोज थोडे थोडे आकसत होते.

गंधाली आणि तिचा नवरा शिशिर पोर्चमध्ये गाडी उघडून बसलेले असत. शिशिर दातांचा डॉक्टर. कुरिअरने खोकी येत: आखूड सायलेन्सर, तपकिरी सीट, मुठींच्या टोकाला बसणारे गोल आरसे. खोके उघडताना दोघांची डोकी एकमेकांवर आपटत आणि गंधाली खळखळून हसे. गंगाधररावांना ते हसणे ओळखीचे होते. लहानपणी टाकीवर पुढे बसून सदर बाजाराच्या गर्दीतून जाताना, प्रत्येक खड्ड्यागणिक ही पोर अशीच हसे. ते हसणे कधी दुसऱ्या दारी नांदायला गेले, त्यांना कळलेच नव्हते.

“बाबा, आवाज ऐका ना!” तिने इंजिन सुरू केले. “कसा आहे?”

“आवाज कायचा, डबा वाजून राहिला.”

शिशिर हसला. “बाबा, आजकल यही डिब्बा चल रहा है.”

“हव, मंग तुमचंच बराबर.”

शिशिर पुन्हा कामाला लागला. रुग्णाच्या जबड्यात सुई न्यावी तशा हलक्या हाताने तो इंडिकेटरचा स्क्रू बसवत होता. गंधाली त्या बोटांकडे पाहत राहिली आणि कौतुकाने म्हणाली, “बाबा, याचा हात पाहा. एक ओरखडा नाही पडला टाकीवर.” गंगाधररावांनी आपले हात नकळत मागे घेतले. त्या टाकीवरचा प्रत्येक जुना ओरखडा त्यांचा होता, आणि नव्या रंगाखाली आता एकही उरला नव्हता.

घरी आल्यावर विनोदिनीबाईंनी नवऱ्याचा चेहरा वाचला. “काहून तोंड पाडून बसले?”

“त्या पोट्ट्यानं गाडीचा पार तमाशा करून टाकला.”

“गाडी तिची, नवरा तिचा. तुमाले काय करा लागते? अहो, जावई हाय तो तुमचा, सवत नाही.”

स्वतःच्याच विनोदावर हसत त्या स्वयंपाकघरात गेल्या. गंगाधरराव हसले नाहीत.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी शेवटचे खोके उघडले. त्यात हँडल होते. उंच, रुंद, सांबराच्या शिंगांसारखे मागे वळलेले. ते बसल्यावर गाडी खरोखरच देखणी दिसू लागली, आणि हे देखणेपण गंगाधररावांना सर्वांत जास्त बोचले.

“एक राउंड मार लेते हैं,” शिशिर म्हणाला. “मोड़ तक.”

“अजिबात नाही,” गंधाली म्हणाली. “नवरात्रात गाडीचं काम काढलं की दसऱ्याच्या पूजेआधी चाक हलवायचं नाही. बाबांचा नियम आहे.”

शिशिरने कान पकडले. क्षणभर गंगाधररावांच्या छातीत दिवा लागल्यासारखे झाले. पण दुसऱ्याच क्षणी गंधालीने ग्रीसने माखलेले बोट नवऱ्याच्या गालावर ओढले, आणि दोघे एकमेकांना ढकलत चहा टाकायला आत पळाले.

पोर्च अरुंद होता. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला स्कूटर. त्यामुळे बसवल्यापासून हँडल सरळच राहिले होते. एकटे उरलेल्या गंगाधररावांनी स्कूटर थोडी सरकवली, दोन्ही मुठी धरल्या आणि हँडल डावीकडे वळवले.

अ‍ॅक्सिलरेटरची केबल तंबोऱ्याच्या तारेसारखी ताणली गेली. जुनी केबल जुन्या, ठेंगण्या हँडलच्या मापाची होती. नव्या उंचीला ती पुरत नव्हती. म्हणजे गाडी वळली की कोणी मूठ न पिळताही इंजिन उसळणार. शिशिरच्या निर्दोष बोटांना हे दिसले नव्हते.

‘याले लांब केबल लागते.’ वाक्य जिभेच्या टोकावर आले. आतून कपबशांचा आणि त्या हसण्याचा आवाज आला. गंगाधररावांनी हँडल सरळ केले, स्कूटर जागेवर ठेवली आणि ते खुर्चीत जाऊन बसले. चहा फार छान झाला होता, असे ते म्हणाले.

परततानाही उद्याचे चित्र त्यांच्या डोळ्यांसमोर नाचत राहिले: फाटकाशी गाडी हिसका देते, जावई कसाबसा पाय टेकतो, अख्खी कॉलनी हसते, गंधाली ओशाळून बापाकडे पाहते. चित्रात कोणाला खरचटलेसुद्धा नव्हते. त्याची त्यांनी काळजी घेतली होती.

दसऱ्याला गाडीवर झेंडूची माळ चढली, टाकीवर स्वस्तिक उमटले, चाकांखाली लिंबे ठेवली गेली. विनोदिनीबाईंनी ओवाळले. शेजारी फाटकाशी जमले. शिशिरने खिशातून किल्ली काढली, बोटाभोवती फिरवली आणि बायकोपुढे धरली.

“पहिली फेरी गंधालीची. गाड़ी उसकी है.”

गंधालीने पदर खोचला. इंजिन सुरू झाले, लिंबे फुटली, गाडी सरळ फाटकाबाहेर निघाली. समोर गल्ली जेमतेम गाडीभर रुंद. पलीकडे विटांची भिंत. उजवीकडे गल्ली बंद; डावीकडे वळल्याशिवाय गत्यंतर नव्हते.

“थांब! वळवू नको!”

ते धावले. चप्पल मागेच राहिली. त्यांनी दोन्ही हातांनी पुढून हँडल धरले आणि आपले अंग भिंत व चाक यांच्या मध्ये घातले. गंधालीने दचकून ब्रेक दाबला.

“न्यूट्रल कर. हां. आता वळव.”

तिने वळवले. मूठ तिने पिळली नव्हती, तरी इंजिन किंचाळले. माळेतली फुले थरथरली. तिने झटकन हँडल सरळ करून गाडी बंद केली.

“बाप रे,” शिशिर पुटपुटला. “सीधे दीवार में...”

गंधालीचे लक्ष भिंतीकडे नव्हते. “बाबा, तुमाले कसं समजलं?”

त्यांची नजर मागे राहिलेल्या चपलेकडे गेली.

“गाडी तर कोणीच हलवली नव्हती. तुमच्याच नियमानं.” तिचा आवाज खाली आला. “काल आम्ही चहा करत होतो तेव्हा?”

“मले वाटलं,” गंगाधरराव म्हणाले, आणि उरलेले शब्द त्यांच्या परवानगीवाचून बाहेर पडले, “शिशिर चालवन.”

विनोदिनीबाईंच्या हातातले तबक कलले. शेजाऱ्यांपैकी कोणीतरी उगाच खाकरले. गंधाली बापाकडे पाहत होती. अनोळखी माणसाने नाव घेऊन हाक मारावी आणि आपण त्याला आठवू पाहावे, तशी.

शिशिरने सारे ऐकले होते. तो गाडीपाशी उकिडवा बसला, ताणलेल्या केबलवरून त्याने बोट फिरवले. मग वर न पाहता म्हणाला, “बाबा, आइए ना. लांब केबल कुठून न्यायची, तुम्हीच दाखवा. मुझसे तो दिखा ही नहीं.”

एवढेच. आवाजात टोमणा नव्हता, दयाही नव्हती. गंगाधरराव अनवाणीच त्याच्याशेजारी बसले. वर उभ्या गंधालीने हलकेच नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला.

“इथून,” गंगाधरराव म्हणाले, “टाकीखालून घ्या लागते.” शिशिरच्या जागी आपण असतो तर असे जवळ बोलावले असते का, हे त्यांना ठाऊक होते; आणि जावयाच्या साऱ्या गोष्टींत आज त्यांना याच गोष्टीचा सर्वाधिक हेवा वाटला.