आर्लीनच्या हातची रोपं

सतरा वर्षं आर्लीन फोग्ट गावाला एकच धडा देत आली होती. लायब्ररीत, चर्चच्या तळघरात, किराणा दुकानाच्या रांगेत, जिथे माणूस सापडेल तिथे. फुलपाखरं हवीत ना, मग औषधं मारणं बंद करा, इथल्या मातीतली झाडं लावा, आणि विकतचं रोप घेताना आधी विचारा, याला काय पाजलंय? मोनार्क फुलपाखराची अळी मिल्कवीड या रानरोपाच्या पानांशिवाय कशालाच तोंड लावत नाही. म्हणून दर वसंतात आर्लीन घरी वाढवलेली मिल्कवीडची रोपं दह्याच्या रिकाम्या डब्यांतून फुकट वाटायची. तिचं भाषण चुकवायला लोक रस्ता ओलांडायचे, पण रोपं मात्र न्यायचे.

आणि त्याच बाईने यंदा काय करावं!

मिल्कवीडचं बी मोठं हट्टी. थंडी खाल्ल्याशिवाय रुजत नाही. म्हणून जानेवारीत दुधाचे प्लास्टिकचे कॅन कापायचे, माती भरून बी पेरायचं आणि कॅन बर्फात ठेवून द्यायचे. यंदा जानेवारीत आर्लीन ॲरिझोनाला बहिणीकडे उन्हात पाय पसरून बसली होती. एप्रिलअखेर स्वयंपाकघरातला ड्रॉवर उघडला, तर ओव्हनच्या हातमोज्यांखाली बियांची पिशवी जशीच्या तशी. तोवर चर्चच्या फळ्यावर लावलेल्या कागदावर चौतीस घरांनी रोपांसाठी नावं लिहिली होती.

"विसरले बाई" म्हणाली असती तर काय आभाळ कोसळणार होतं? पण नाही. ती तासभर गाडी चालवत, जिथे तिला कुत्रं ओळखत नाही अशा गावातल्या रोपवाटिकेत गेली आणि ट्रे भरभरून मिल्कवीड घेऊन आली. प्रत्येक कुंडीत चिठ्ठी खोचलेली होती: कीड लागू नये म्हणून औषध दिलेले आहे. आर्लीनने चष्मा लावून ती वाचली. हे औषध मुळातून पानात चढतं आणि महिनोन्महिने तिथेच बसतं, हे तिच्याइतकं गावात कोणालाच ठाऊक नव्हतं. तरी "भरपूर पाणी घातलं की जाईल धुऊन" अशी मनाची समजूत घालत तिने गॅरेजचं दार लावून घेतलं, चिठ्ठ्या उपटल्या आणि रोपं दह्याच्या डब्यांत बसवली.

जूनमध्ये अळ्या मेल्या. एका घरात नाही, घरोघरी. पोरांनी हौसेने बरण्यांत ठेवलेल्या, काळ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या, गुबगुबीत अळ्या. आधी पिळवटल्या, मग सुकून बरणीच्या तळाशी पडल्या.

खापर फुटलं ते ड्वेन प्रोहास्काच्या डोक्यावर. ड्वेन चाळीस वर्षांपासूनचा आर्लीनचा शेजारी, दुधाच्या टँकरवरून निवृत्त झालेला. त्याचं लॉन गालिच्यासारखं, आणि डासांवर नाहीतर रानफुलांवर औषध मारायला तो पाठीवर पंप लावून फिरायचा. आर्लीनने कितीदा बजावलं, तर हसून म्हणायचा, "फुलपाखरांना मत देता येतं का गं?" तेव्हा धुतल्या तांदळासारखा तोही नव्हता. पण गावभरच्या अळ्या काही त्याने मारल्या नव्हत्या.

रविवारी प्रार्थनेनंतरच्या कॉफीला मार्लिस या बाईने त्याला सगळ्यांसमोर धरलं. "वारा कुठे वाहतो तेवढं तरी बघत जा ड्वेन! माझ्या नातवंडांनी अळ्या पुरल्या बागेत, रडत रडत." ड्वेन बिचारा हातातल्या केककडे बघत उभा. मार्लिस वळली. "आर्लीन, तू तरी बोल की! एरवी तर गप्प बसत नाहीस."

"हं," आर्लीन म्हणाली.

नुसतं हं. ड्वेनने एकदा तिच्याकडे पाहिलं, कप ठेवला आणि निघून गेला. त्या हं-ची आर्लीनला इतकी लाज वाटली की घरी येऊन तिने जेवणाला हात लावला नाही. पण उठून त्याच्या दारापर्यंत जाणं? छे. पाय निघेना.

शनिवारी सकाळी ड्वेनच तिच्या दाराशी आला. गुडघ्यापर्यंत माती, आणि मागे त्याची सात वर्षांची नात टेसा, छातीशी बरणी धरून. टेसा उन्हाळाभर त्याच्याकडे असायची. शेजारणीकडे लावलेल्या आर्लीनच्या रोपांची पानं घालून तिने पाळलेल्या पाच अळ्या गेल्या होत्या, तेव्हापासून ती आजोबांशी बोलत नव्हती.

"हसायचं नाही हं," ड्वेन म्हणाला. "पुढचं सगळं लॉन उपटलं मी. पंप दिला टाकून. तू बरोबर होतीस, मी गाढव." त्याने आवाज खाली आणला. "पोरगी जेवायलासुद्धा माझ्यासमोर बसत नाही गं. काल तिला रस्त्याकडेला कापून टाकलेल्या मिल्कवीडवर मोनार्कची अंडी मिळाली. म्हणाली, आर्लीन आजीची रोपं लावलीत तर शेवटची संधी देते. आहेत का चार उरलेली?"

उरलेली नऊ होती. उघड्या गॅरेजमधून दिसतच होती, हिरवीगार, एकाही पानाला भोक नाही.

"ही काय, आहेत की!" ड्वेन आत शिरला आणि त्याने ट्रे उचलला.

नाही म्हणायला शंभर निमित्तं होती. रोपं दुसऱ्याला कबूल केलीत, मुळं कुजलीत, काहीही. आर्लीनने तोंड उघडलंही. तेवढ्यात टेसाने बरणी उंच धरून तिला अंडी दाखवली, टाचणीच्या डोक्याएवढी, पांढरी.

"ठेव ते खाली, ड्वेन. विष आहे त्यात." आर्लीन म्हणाली. "माझ्या हातची नाहीत ती. यंदा बी पेरायचं विसरले, म्हणून विकत आणली, औषध पाजलेली. सगळ्या गावाला मी तीच वाटली."

ती टेसाकडे वळली.

"टेसा, तुझ्या अळ्या आजोबांनी नाही मारल्या. मी मारल्या."

टेसाने उंच धरलेली बरणी खाली घेतली. "तुला माहीत होतं?"

नव्हतं म्हणायची सोय अजून होती. चिठ्ठी कोणी पाहिली होती?

"हो. लिहिलेलं होतं. मी वाचलं होतं."

टेसा आजोबांजवळ गेली आणि तिने त्यांची मातकट बाही पकडली. ड्वेनने ट्रे जमिनीवर ठेवला. त्याची मान लाल झाली होती.

"रविवारी तू तिथेच होतीस," तो म्हणाला. "समोर उभी होतीस, आर्लीन."

"होते."

"माझ्या बायकोच्या आजारपणात रोज सूप आणून द्यायचीस. आणि त्या दिवशी नुसतं हं?"

आर्लीन रडायला लागली, आणि रडण्याचाही तिला राग आला.

"आता ह्यातून अळ्या निघाल्या की काय खायला घालायचं?" टेसाने आजोबांना विचारलं, आर्लीनला नाही.

"रेल्वे रुळाच्या पलीकडे रानातलं मिल्कवीड आहे," आर्लीन डोळे पुसत म्हणाली. "तिथे कोणी औषध मारत नाही."

ड्वेनने मान हलवली. दोन पावलं गेला आणि थांबला. "ते विसरलेलं बी? आहे अजून?"

ती धावत आत गेली आणि पिशवी घेऊन आली. ड्वेनने ती टेसाच्या हातात दिली.

"लॉन काही मी परत लावत नाही," तो म्हणाला. "जानेवारीत टेसाला बोलावून घेतो, बर्फात आम्ही दोघंच ठेवू हे. तू नको येऊस."

दोघं रुळांच्या दिशेने गेले. टेसा काहीतरी सांगत होती, आणि ड्वेन वाकून ऐकत होता. आर्लीनने नऊ रोपं काळ्या पिशवीत घालून तोंड बांधलं, चर्चच्या यादीची घडी खिशात घातली आणि ती पहिल्या नावाच्या घरी गेली. दार मार्लिसने उघडलं.

"अगं ये ये! त्या ड्वेनने लॉन उपटलं म्हणे. चांगली अद्दल घडली मेल्याला! बस, कॉफी टाकते."

आर्लीनने उंबरा ओलांडला नाही.

"कॉफी नको," ती म्हणाली. "आधी ऐक. आणि तुझी रोपं कुठे लावलीस ते दाखव, मला ती मुळासकट उपटायचीत."