कुंपणाबाहेरून

फ्रिस्कोच्या उत्तरेला पूर्वी हॅलर्स क्रॉसिंग नावाचं गाव होतं. तीसेक घरं, एक गिरणी, एक शाळा. रेल्वे चार मैल पलीकडून गेली, तशी लोकांनी आपली लाकडी घरंसुद्धा चाकांवर चढवून तिकडे ओढत नेली. मागे राहिली फक्त दफनभूमी.

१९९६ च्या जानेवारीत तिला खेटून रस्ता आखायचं काम माझ्याकडे आलं. साहेब म्हणाला, "उपासना, कुंपणाबाहेर काही नाही, एवढं लिहून सही कर." माझ्या ग्रीन कार्डाचे कागद त्याच्याच टेबलावर पडलेले. मी मान हलवली.

कुंपणाच्या आत नावं कोरलेले दगड. बाहेर नुसतं गवत, आणि गवतात ओळीनं खोलगट जागा, माणसाच्या लांबीच्या. एक अगदी आखूड. मी पाहून न पाहिल्यासारखं केलं. टेपरेकॉर्डरवर नोंदी बोलले आणि निघताना सवयीनं तोंडातून गेलंच, "येते."

लगेच जीभ चावली. मयताच्या ठिकाणी 'येते' म्हणत नाहीत, मुकाट निघतात. आईनं किती वेळा बजावलं होतं!

घरी नोंदी उतरवायला टेप लावली. माझं "येते" झालं आणि मागोमाग एका लहान मुलीचा बारीक आवाज आला, "ये."

"वारा आहे यार," माझा नवरा प्रितम म्हणाला. "टेप चेंज कर." पण उठून त्यानं दिवा लावला, भर दुपारी तीन वाजता.

मला भीती वाटली, आणि त्याहून जास्त लाज. कुंपणाबाहेर कोणाला पुरतात, हे मला कुणी शिकवायला हवं होतं? माझ्या आज्याचं घरही वेशीबाहेरच होतं. मी रिपोर्टात लिहिलं: कुंपणाबाहेर नऊ कबरी, त्यातली एक लहान मुलाची.

साहेब तोंडाला येईल ते बोलला. ग्रीन कार्ड बोंबललं. पण तपासणी झाली, नऊच्या नऊ निघाल्या, आणि रस्ता सरकवावा लागला.

शेवटच्या दिवशी मी प्रत्येक कबरीपाशी थोडं थोडं थांबले. निघताना ओठ घट्ट मिटले. रेकॉर्डर खिशात चालूच राहिला होता.

घरी येऊन टेप ऐकली. वारा. गवतातली माझी पावलं. गाडीचं दार उघडल्याचा आवाज. मग अगदी जवळून, तोच बारीक आवाज:

"येते."

आधी माझं दार लागलं. मग मागचं.