ठरावाखालची सही

सविता पहिल्यांदा निवडून आली तेव्हा आपण निवडणुकीला उभ्या आहोत हेच तिला ठाऊक नव्हतं. ऋतुजा तेव्हा पहिलीत होती. लेकीच्या आधारकार्डाची झेरॉक्स द्यायला ती शाळेत गेली, तर व्हरांड्यात पालकांची सभा भरलेली. तेव्हाचे मुख्याध्यापक म्हणाले, "आल्याच आहात तर बसा. समितीत निम्म्या बाया लागतात, एक कमी पडतेय." तिचं नाव वाचलं गेलं, चारदोन टाळ्या पडल्या आणि जामखेड तालुक्यातल्या बोरदऱ्याच्या शाळा व्यवस्थापन समितीत सविता अंगद सदस्य झाली. घरी येऊन तिने भाकरी थापल्या. सांगण्यासारखं काही घडलंय असं तिला वाटलंच नाही.

पुढची दोन वर्षं सभांना तिला कोणी बोलावलं नाही. रजिस्टर मात्र घरी यायचं. समितीचा अध्यक्ष बिभीषण मुकादम. अर्धं गाव त्याच्याच टोळीतून ऊसतोडीला जायचं, सविता आणि तिचा नवरा अंगदही जायचे. त्याचा माणूस दारात उभा राहून बोट दाखवायचा, "हितं करा, वैनी." ती करायची.

त्यातली एक सही तिच्या जन्माला पुरली.

दसरा झाला की माणसं कारखान्यांच्या वाटेला लागायची. पोरं मागे आजी-आजोबांजवळ राहावीत म्हणून शाळेत हंगामी वसतिगृह चालायचं, म्हणजे सकाळ-संध्याकाळचं जेवण आणि अभ्यासाला एक बाई. तेवढ्यावर तीसेक पोरं शाळेत टिकायची. त्या वर्षी ते सुरू झालं नाही. वरून मंजुरी आली नसेल, असं सगळ्यांना वाटलं. पोरं आईबापांबरोबर उसात गेली; मुकादमाच्या टोळीला तेवढेच फुकटचे हात मिळाले. शेजारच्या राहीबाईची काजल सहावीत होती, हुशार. धाकट्या ओमला सांभाळायला तिला नेली, आणि तिची शाळा सुटली ती सुटलीच. आता पंधराव्या वर्षी ती आईच्या मागे मोळ्या वाहते.

हंगाम संपवून आल्यावर सविता ऋतुजाचा दाखला काढायला शाळेत गेली. टेबलावर रजिस्टर उघडं होतं. तिने सहज वाचलं: 'यंदा गावातून स्थलांतर कमी असल्याने हंगामी वसतिगृहाची आवश्यकता नाही, असा ठराव सर्वानुमते मंजूर.' खाली अकरा सह्या. सातवी तिची.

अंगठा असता तर निदान वाचता येत नव्हतं असं म्हणता आलं असतं. पण ती सातवीपर्यंत शिकलेली होती. वाचता येत असून तिने वाचलं नव्हतं. हे तिने नवऱ्यालाही सांगितलं नाही.

दुसऱ्या खेपेला ती आपल्या पायांनी उभी राहिली. वसतिगृह पुन्हा सुरू करा, एवढंच तिचं म्हणणं. मतदान हात वर करून होतं. पुढच्या खुर्चीत बसलेला मुकादम मान वळवून एकेक हात बघत होता. सवितासाठी नऊ हात वर गेले आणि मोजणी होईतो चारच उरले. मुकादम हसून म्हणाला, "सहा म्हैने गावात नसनारी बाई समितीत कशाला पायजे?" सगळे हसले. वसतिगृह बंद ते बंदच राहिलं.

यंदा मुख्याध्यापक म्हणून विजया मॅडम आल्या होत्या. त्यांनी फळ्यावर सूचना लावली: एका जागेसाठी दोन नावं आली तर मतदान चिठ्ठीने होईल. सविताने नाव दिलं. समोर मुकादमाचा भाऊ भागवत.

तेव्हापासून सविताच्या कालवणात दोनदा मीठ पडलं. उडीद उपटताना हात चालायचे आणि मन भलतीकडे असायचं. त्यात सभेच्या आदल्या दिवशी अंगद पारावरून आला तो कपाळाला आठ्या घालूनच.

"मुकादम काय म्हनतोय ठाव हाय का? जुनं रजिस्टर बाहेर काढलंय म्हनं. उद्या समद्यांम्होरं वाचनार हाय. काय हाय गं त्यात?"

सविताने सगळं सांगितलं.

"नाव माघारी घे," अंगद म्हणाला. "गावात तोंड दाखवायला जागा ऱ्हानार न्हाई. वर मुकादम टोळीत घेनार न्हाई ते येगळंच."

"अवं, नाव माघारी घेतलं तर ते वाचनार न्हाईत का?"

"मग काय करनार हाईस?"

एक गोष्ट तिला लख्ख दिसत होती: राहीबाईला हे मुकादमाच्या तोंडून कळता कामा नये.

सकाळी ती राहीबाईच्या अंगणात गेली. राहीबाई सुपात उडीद पाखडत होती. काजल दोरीवर धुणं टाकत होती.

"आक्का, एक बोलायचंय."

"बोल की."

तिने एका दमात सांगून टाकलं. वसतिगृह वरून बंद झालं नव्हतं, इथूनच झालं होतं. त्या कागदावर माझी सही होती. मी वाचलं नव्हतं.

सूप थांबलं. राहीबाईने वर पाहिलं नाही. काजलच्या हातातली चादर तशीच राहिली.

"तुला वाचाया येतंय न्हवं?" राहीबाईने विचारलं.

"व्हय."

"जा आता."

सविता निघाली. आपण माती केली की बरं केलं, तिला कळेना.

सभेला व्हरांडा भरला होता. बाकीच्या जागा बोलण्यातून ठरल्या. सविता-भागवतची जागा आली तसा मुकादम उठला. काखेत रजिस्टर होतं. मॅडम म्हणाल्या, "हे शाळेचं दप्तर तुमच्याकडे कसं?" त्याने ऐकल्या-न ऐकल्यासारखं केलं आणि पानं उलटू लागला.

सविता उठून उभी राहिली.

"मुकादम, तुमी बसा. तुमी वाचनार हाय ते मीच सांगते."

तिने सांगितलं. "माजी चूक हाय. पन त्या ठरावावर अकरा सह्या हाईत आन् पयली अध्यक्षाची हाय. मी न वाचता केली, त्यांनी वाचून केली." जरा थांबून ती म्हणाली, "मी सहा म्हैने गावात नसते हे खरं हाय. ज्यांची पोरं मागं ऱ्हात्यात त्यांनी बोलायचं न्हाई, तर कुनी बोलायचं?"

कोणी हसलं नाही. टाळीही पडली नाही. मुकादमाने रजिस्टर मिटलं आणि "नाटकं हाईत समदी," म्हणत बसला.

राहीबाई कोपऱ्यात पहिलीतल्या ओमला मांडीशी घेऊन बसली होती. चिठ्ठी टाकायला उठली तेव्हा सविताच्या अगदी जवळून गेली. बघितलं नाही.

मॅडम एकेक चिठ्ठी उघडून मोठ्याने वाचू लागल्या. भागवत. भागवत. सविता. भागवत. पहिल्या दहांत सविताच्या तीनच निघाल्या. तिने पदराचं टोक बोटाला इतकं आवळलं की बोट पांढरं पडलं. मग आकडे सरकू लागले. बारा-बारा. सोळा-पंधरा. एक चिठ्ठी मॅडमनी उलटसुलट करून पाहिली. "कोरी," म्हणाल्या. ती बाजूला ठेवली. शेवटी सविता एकवीस, भागवत एकोणीस.

अंगदने सुटकेचा श्वास सोडला आणि लगेच मुकादमाकडे बघितलं. मुकादम चपला घालत होता. जाता जाता अंगदला म्हणाला, "यंदा दुसरी टोळी बघ."

पंधरा दिवस अंगद टोळी शोधत फिरला. ओळखीपाळखीने संगमनेरकडच्या एका मुकादमाने होकार दिला. तोवर रोज संध्याकाळी दोघंही एकमेकांची नजर चुकवत जेवत होती. समितीत मात्र वसतिगृहाचा ठराव झाला. मुकादमाच्या बाजूच्या दोघांनीही सही केली. त्यांचीही पोरं होतीच. प्रस्तावासोबत मागे राहणाऱ्या पोरांची यादी जोडायची होती. मॅडम आणि सविता घरोघर फिरू लागल्या.

राहीबाईच्या दाराशी सविताचे पाय अडले. मॅडम म्हणाल्या, "चला."

राहीबाईने पाण्याचा तांब्या मॅडमपुढे ठेवला. मग आत गेली आणि दुसरा पेला घेऊन आली. तो सविताजवळ ठेवला, हातात दिला नाही.

"ओमचं लिवा," ती म्हणाली. "आजीजवळ ऱ्हाईल."

मॅडमनी काजलकडे पाहिलं. "आणि ही? दहावीचा फॉर्म बाहेरूनही भरता येतो. मी माहिती काढते."

काजल दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिने आईकडे पाहिलं.

"मी मोळ्या न्हाई उचलल्या तर आयला एकटीला झेपायचं न्हाई," काजल म्हणाली. मग हळू आवाजात विचारलं, "बाहेरून म्हंजी कुठून, मॅडम?"

सविताने ओमचं नाव लिहिलं, पुन्हा वाचलं आणि पेन तसंच हातात धरून काजलच्या फॉर्मला राहीबाई काय म्हणते याची वाट बघत बसली.